भुंग्याची सोयरीक

६ जानेवारी, सोमवार
भुंगे: ०

शेती कॉलेजातली मयुरी नावाची पोरगी आज ही वही देऊन गेली. वालाच्या वावरात काडीले एक पिवळा चिकट कागद बांधला अन् म्हणाली, "आजी, रोज सकाळी कागदावर किती भुंगे चिकटले ते मोजायचं अन् तारीख टाकून लिहायचं. बस." मी म्हटलं, माय, मी तिसरीपर्यंत शिकली, भुंगे मोजायले तेवढं पुरते. पण रोजच्या एका आकड्यासाठी शंभर पानाची वही? उरलेल्या पानाचं काय लोणचं घालू? आकडा मी तिले फोनवर सांगणार आहे, वही माझ्याजवळच राहणार. तर मग बाकीचं बी लिहीन. इथी वाचणारं कोणी नाई. म्हाताऱ्याले चष्म्याबिगर भिंत दिसत नाई अन् चष्मा तो लावत नाई.

भुंगा म्हणजे हा वालाचा नवीन भुंगा. आधी आपल्याकडे नव्हता, कुठून तरी बाहेरून आला. हिरव्या शेंगेवर अंडं घालते, अळी दाण्यात शिरते, अन् आपण खुशीत वाल झोडून ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, भरला की आत बसून खाते. दोन महिन्यानं ढोलीत हात घातला तर पीठ. मयुरी म्हणते, तीस गावातल्या बाया असे भुंगे मोजून राह्यल्या. सगळे आकडे कॉम्प्युटरात टाकले की भुंगा पुढं कोणत्या गावी जाईल ते आधीच कळते, अन् त्या गावाले ढोली भरायच्या आधी सावध करता येते. कळलं तर बरंच आहे. हवामानवाल्यांचंही असंच सांगणं असते.

पहिल्या पानावर तिनं छापील तक्ता चिकटवला. नाव अन्नपूर्णा. गाव पिपरटोला, तालुका मूल. मुलं एक, आमचा आदेश, तो गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात. "मुली किती, आजी?" म्हातारा खाटेवर दोर वळत बसला होता. मी म्हटलं दोन. तिनं दोन लिहिलं.

आहेत तीन. सिंधू कोंढेगावले दिली, दीपाली बोरटोल्याले. तिसरी रंजीता. नऊ वर्षाआधी गडचिरोलीले नर्सचं शिकायले गेली अन् धानोऱ्याकडच्या गोंडाच्या पोराशी लग्न करून बसली. पोरगा मास्तर आहे म्हणे. म्हातारा त्या दिवशी म्हणाला, या घरात तिचं नाव निघालं नाई पाह्यजे. तेव्हापासून निघालं नाई. वहीत निघालं. वही घर नोहे.

७ जानेवारी
भुंगे: २

कागदावर दोन सापडले. डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढा जीव, पाठीवर कथ्थई पट्टे. एवढ्याशासाठी कॉलेजातून जीप येते.

म्हातारा नाटक पाहायले गेला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं लागतात, रातभर चालतात. म्हाताऱ्याले आधी काई शौक नव्हता. चार वर्षापासून लागला. दिवाळी झाली की महिन्यातून एकदा तरी धोतर धुऊन, टोपी घालून जाते अन् दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेले येते. सत्तरीत माणसाले काय लागेल सांगता येत नाई.

९ जानेवारी
भुंगे: २

काल म्हातारा आला. मी विचारलं, "कसं होतं नाटक?"
"चांगलं होतं."
"गोष्ट काय होती?"
"रडारड होती."
"कोण रडे?"
"सगळेच रडत होते वो. भात वाढ."

रातभर बसून याले एवढंच कळलं. बसल्या बसल्या झोपत असेल. येताना एक सूप घेऊन आला, म्हणे मांडवाबाहेर विकत होते. सूप चांगलं आहे, काठ दुहेरी विणला आहे. आपल्याकडचे बुरूड असा काठ घालत नाईत. नाटकापेक्षा सूप बरं.

१३ जानेवारी
भुंगे: ५

उद्या संक्रांत. आज बाजाराच्या नावानं फाट्यावर गेली अन् धानोऱ्याच्या बसच्या कंडक्टरले, संघपालभाऊले, पिशवी दिली. दोन शेर बरबटी, म्हणजे चवळी, अन् तिळाचे लाडू. सहा वर्षापासून तो नेते. धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर ठेवते, रंजीता तिथून उचलते. दिवाळीले एक पिशवी, संक्रांतीले एक. पिशवीवर नाव नसते. म्हाताऱ्याले माहीत झालं तर काय होईल मले माहीत नाई. मारणारा माणूस नोहे तो. पण एकदा बोलणं बंद केलं तर वर्षभर बंद करते, अन् दोन माणसाच्या घरात एकजण गप बसला तर दुसऱ्यानं भिंतीशी बोलावं का?

वाल मात्र मी तिले कधी पाठवला नाई. आमच्या घरचा वाल तांबड्या टिपक्याचा, माझ्या सासूच्या सासूपासून चालत आला. घरची रीत अशी की भाऊबीजेले पोरगी आली की तिले एक पायली बियाचा वाल द्यायचा, शिगोशीग, अन् गाठोड्याची गाठ बापानं मारायची. मायनं नाई. आता बापच नाव घेत नाई तर गाठ कोण मारणार? म्हणून बरबटी. बरबटीले रीत नाई, ती कोणीही कोणालेही देते.

१४ जानेवारी
भुंगे: ४

सणाच्या दिवशी ढोली झटकली. दिवाळीनंतर अंदाजानं जेवढा वाल उरला पाह्यजे त्यात पायलीभर कमी भरला. उंदीर माजले. पिंजरा लावला.

अन् इथी लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाले सांगणार नाई. मागच्या वर्षी पावसानं वाल सडला. भाऊबीजेले दोन पोरीच्या दोन पायल्या भरेनात. बी अर्धं देत नाईत, पोरीच्या सासरी नाक कापलं जाते. मग मी बाजारातून पांढरा वाल आणला, बाहेरच्या ट्रकातला, अन् घरच्या टिपक्याच्या वालात कालवला. सगळा ढोलीत एकजीव करून टाकला. म्हाताऱ्यानं गाठी मारल्या, त्याले दिसलं नाई. पोरीले दिसलं असेल, पण त्या बोलल्या नाईत. माझ्याच पोरी आहेत त्या.

२२ जानेवारी, बुधवार
भुंगे: ११

मयुरी आली. लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. जिथं भुंगा आहे ते गाव लाल, जिथं येणार ते पिवळं. तिनं वाऱ्याची दिशा, उन्हाचा पारा, गावागावातलं अंतर, सगळं त्यात घातलं आहे. पण पोरगी रडकुंडीले आली होती. आमच्या शेजारची चार गावं तिनं पिवळी केली होती, त्या चारही गावात महिनाभर एक भुंगा नाई. अन् वैनगंगेच्या पलीकडे, जिथं यायचा नव्हता, तिथं लाल ठिपके.

"आजी, हा मधली गावं सोडून उडी मारते. असं कसं होईल?"
मी म्हटलं, "भुंग्याले पंख आहेत, अक्कल नाई. नदी ओलांडून एवढ्या दूर काऊन जाईल तो?"
"तेच मले समजून नाई राह्यलं. सर म्हणतात माझं गणितच चुकलं."
चहा पाजला. दोन घास भात घातला. गणित चुकलं म्हणून माणूस उपाशी राहत नसते.

२५ जानेवारी
भुंगे: ९

फाट्यावर संघपालभाऊ भेटला. लाडू पोचले. म्हणे रंजीता गावच्या बायांच्या गटाची अध्यक्ष झाली. त्यांनी कोसमटोल्यात बियाची कोठी काढली आहे. घरोघरचं बी गोळा करून होळीच्या आधी आजूबाजूच्या बारा गावाले वाटणार.
"बारा गावाले!" मी म्हटलं. "घरी असताना एका चुलीवर लक्ष राहे नाई तिचं."
तो हसला अन् म्हणाला, "नातीचे दात पडले समोरचे. पहिलीत गेली."
मी म्हटलं, "दात सगळ्यांचेच पडतात."
नातीले मी पाह्यलं नाई. नाव माहीत आहे. लिहीत नाई.

३ फेब्रुवारी, सोमवार
भुंगे: १६

आज मयुरीनं ओसरीवर बसून लाल गावांची यादी मोठ्यानं वाचली, फोनवर तिच्या सरले सांगत होती. कोंढेगाव. बोरटोला. मग शेजारच्या पार्वतीची थोरली दिली ते गाव. मग पाटलाची नात दिली ते. मी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. सातवं नाव आलं अन् मले हसू आलं.

"हा भुंगा नोहे वो," मी म्हटलं, "हा आमचा जावई दिसते. आम्ही जिथं जिथं पोरी दिल्या तिथंच जाते."

मयुरीनं फोन खाली केला. "आजी, परत सांगा?"

"आता काय परत सांगू. ही सगळी आमच्या सोयऱ्याची गावं आहेत. मधल्या चार गावात आमच्या कोणाचीच पोरगी नाई, तिकडे सोयरीक होत नाई. जुनं भांडण आहे तळ्याच्या पाण्याचं."

"अन् पोरीले तुम्ही काय देता?"

"काय देणार? बी देतो. भाऊबीजेले."

पोरगी एकदम उभी राह्यली. तिच्या मांडीवरचं यंत्र पडता पडता राह्यलं. म्हणाली, भुंगा उडत नाई, आजी, त्याले नेतात. गाठोड्यात बसून जाते तो. मग तिनं मले धरून बसवलं अन् गावातल्या कोणाची पोरगी कुठी दिली ते सांगायले लावलं. मी एकशे चार नावं सांगितली. दम लागला तिले, मले नाई.

४ फेब्रुवारी
भुंगे: १९

काल हसण्यात लक्षात आलं नाई. आज सकाळी कागद काढताना आलं. बाजारचा पांढरा वाल मी आणला. ट्रकातला. त्याच्या आधी हा भुंगा आमच्या वावरात कोणी पाह्यला नव्हता. माझ्या दोघी पोरीच्या घरी मीच पाठवला, शिगोशीग भरून.

गावातल्या आणखी दहा बायांनी तोच वाल आणला होता हे मले माहीत आहे. त्यानं काई हलकं वाटत नाई.

सिंधूले फोन केला. सांगितलं, कालवला होता मी. ती म्हणाली, "आई, मले तेव्हाच दिसलं होतं." म्हटलं मग बोलली काऊन नाई? म्हणे, "तुझं नाक कापलं गेलं असतं." दीपालीनं पण हेच सांगितलं. दोघी आता शेंगा काळ्या ताडपत्रीवर पसरून वरून प्लास्टिक टाकून उन्हात तापवून राह्यल्या. मयुरीनं शिकवलं. आत अंडं, अळी, सगळं शिजते, दाणा मात्र उगवते.

आज आणखी लिहीत नाई.

१२ फेब्रुवारी, बुधवार
भुंगे: १४

मयुरी नवीन नकाशा घेऊन आली. सोयरिकी घातल्यावर नकाशा बरोबर बोलायले लागला. त्यानं अकरा गावं सांगितली, तिनं जाऊन पाह्यली, नवात भुंगा निघाला, तोही ढोल्या भरायच्या आधी. उरलेल्या दोनपैकी एका गावात सुनेच्या माहेरचं बी सासूनं उकिरड्यावर फेकून दिलं होतं. सासूच्या दुष्टपणाचा कोणाले फायदा झाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

पण एक ठिपका अडला आहे. पार धानोऱ्याकडे, जंगलात, एकटाच. तिथून एका मास्तरनं भुंग्याचा फोटो पाठवला. तिथं आमच्या यादीतली एकही पोरगी दिलेली नाई, वाराही तिकडे जात नाई. मयुरीचे सर म्हणाले, फोटो दुसऱ्या कुठला तरी असेल, ठिपका पुसून टाका. शुक्रवारी पंचायतीत सभा आहे, त्यानंतर नकाशा वर जाणार. पुसला की तिकडे कोणी जाणार नाई, ती बाजू सुरक्षित म्हणून कागदावर येईल.

मी विचारलं, "गाव कोणतं?"
"कोसमटोला."
"मास्तरचं नाव?"
"लालसू मडावी."

मी म्हटलं, चहा घे.

बरबटीतूनच गेला असेल. एकाच सुपात पाखडते मी दोन्ही. अन् होळीच्या आधी ती बारा गावाले बी वाटणार आहे. बारा गावात पोरीचं नाव होईल की हिनं कीड आणली.

मयुरीच्या कानात सांगता येते. पण ती विचारेल कोण राहते तिथं, कागदावर लिहील, कागद सभेत वाचल्या जाते. सभेत म्हातारा दारात बसलेला असतेच. नऊ वर्ष हे घर एका न घेतलेल्या नावावर उभं आहे. सत्तर वर्षाच्या माणसाले सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं का?

मी दोन दिवस विचार करीन म्हणते. भुंगा थांबते का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
भुंगे: १२

सभा झाली. सगळं नीट लिहिते.

पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावला होता. बाया सतरंजीवर, माणसं दाराशी. म्हातारा उंबऱ्यावर, टोपी गुडघ्यावर. मयुरीनं एकेक ठिपका समजावला. मग म्हणाली, "अन् हा एक धानोऱ्याचा, हा बहुतेक चुकून आला, हा काढून टाकतो."

मी उठली. गुडघ्याचा कट असा आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला.

मी म्हटलं, "काढू नको. तिथं माझी पोरगी आहे."

पार्वतीनं पदर तोंडाशी नेला. तिले हे सगळं माहीत होतं, सगळ्या गावाले माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं अन् उभं राहून सांगणं वेगळं.

"रंजीता नाव आहे तिचं," मी म्हटलं. "तो मास्तर माझा जावई. मी सहा वर्षापासून तिले बरबटी पाठवते. बरबटीतून भुंगा गेला. ती बारा गावाले बी वाटून राह्यली, तिले थांबवा."

मयुरी म्हणाली, "आजी, पण हा भुंगा बरबटीत जगत नाई. फक्त वालात जगते."

"वाल मी पाठवला नाई."

तिनं फोन काढला अन् मास्तरचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. तळहातावर दाणे होते, भोकं पडलेले. तांबड्या टिपक्याचे. अन् मधे मधे पांढरे. माझं कालवलेलं बी. असं बी जगात दुसऱ्या कोणाजवळ नाई, हे पाप फक्त माझ्या ढोलीत आहे.

मी सभेसमोर सांगितलं, हा वाल माझाच आहे, पण मी दिला नाई. लोकांनी एकमेकाकडे पाह्यलं. म्हाताऱ्यानं टोपी झटकली, डोक्यावर घातली अन् निघून गेला.

घरी आली तेव्हा वाटलं, आता वर्षभराची चुप्पी. तो खाटेवर बसला होता. जेवायले वाढलं. दोनदा भात मागितला. मग म्हणाला, "लसणाची चटणी आहे का?" बस एवढंच. राग इतका वर गेला असेल की भुकेत निघाला.

१५ फेब्रुवारी
भुंगे: ८

फाट्यावर जाऊन संघपालभाऊले धरलं. म्हटलं, खरं सांग, माझ्या पिशवीत वाल कोणी घातला?

"बाई, तुमच्या पिशवीत बरबटीच होती. मी कधी गाठ सोडली नाई."

"मग माझ्या ढोलीतला वाल तिकडे कसा गेला? चालत?"

तो तिकिटाचं यंत्र दाबत राह्यला. म्हणाला, "हे पाहा बाई, ज्याची सवारी त्याची गोष्ट. तुमचं मी दुसऱ्याले सांगितलं का कधी? मग दुसऱ्याचं तुम्हाले कसं सांगू?"

उद्धट झाला आहे. वरून हसत होता. काई तरी घोळ यानंच केला आहे, नाई तर ढोलीले बाहेरून भोक आहे. पिंजऱ्यात महिनाभर एक उंदीर सापडला नाई.

मयुरीनं सांगितलं, सोमवारी जीप कोसमटोल्याले जाते, आजी चला, तुमचं ऐकेल ती. मी म्हाताऱ्यासमोर जोरानं म्हटलं, "मी जाणार आहे." तो म्हणाला, "मी पण येतो. जीपमध्ये तुले मळमळते." चाळीस वर्षात याले माझ्या मळमळण्याची पहिल्यांदा आठवण झाली. तिथं जाऊन तमाशा केला नाई म्हणजे झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज भुंगे मोजले नाईत. पहाटेच निघालो.

जीप विक्की नावाचा पोरगा चालवत होता. मयुरी समोर, आम्ही दोघं मागं. गडचिरोली गेली, धानोरा गेला. मग सागवान, मग बांबू, मग नुसता मुरमाचा लाल रस्ता. फोनवरचा नकाशा बंद पडला. एका ठिकाणी रस्त्याले दोन फाटे फुटले. विक्कीनं जीप थांबवली अन् म्हणाला, "आता कुठी?" विचारायले माणूस नाई. मयुरी फोन वर करून खिडकीबाहेर धरून राह्यली.

म्हातारा म्हणाला, "डावीकडे घे. नाला लागेल. नाल्याच्या पुढं मोठं कोसमाचं झाड, मग बोरिंग. बोरिंगजवळ हळू घे, तिथं लेकरं खेळतात."

विक्कीनं डावीकडे घेतली. मयुरीनं फोन खाली केला. नाला लागला. मग कोसम दिसलं.

मी म्हटलं, "नाटकात दाखवला होता का हा रस्ता?"

तो समोर पाहत म्हणाला, "रडारड होती म्हणून सांगितलं होतं तुले."

बोरिंगजवळ खरंच लेकरं होती. त्यातली एक पोरगी, समोरचे दोन दात नाईत, जीपच्या मागं पळत आली. "आजा! आज बसनं नाई आला?" म्हणून त्याच्या धोतराले लोंबकळली. मग माझ्याकडे पाह्यलं, खालून वर, अन् त्याले विचारलं, "हीच का ती कटकटी आजी?"

म्हातारा म्हणाला, "हीच."

चार वर्ष. चार दिवाळ्या. माझ्याच ढोलीतून, माझीच पायली भरून. अन् मी पिंजरा लावून बसली.

रंजीता कोठीच्या दारात उभी होती. जाडी झाली आहे. केस पांढरे होऊन राह्यले. मी म्हटलं, "बी वाटलं का?" म्हणाली, "नाई, रविवारी वाटणार." म्हटलं, "वाटू नको. त्यात भुंगा आहे. माझ्यामुळं आहे. बाजारचं कालवलं होतं मी." ती म्हणाली, "मले बाबा गाठ सोडू लागले तेव्हाच दिसलं होतं." तिसरी पण तशीच निघाली.

मग विचारलं, "गाठ कोणी मारली होती?"

"बाबानं."

बरं झालं. रीत सुटली नाई.

लालसू मास्तर हातपाय धुवायले पाणी घेऊन आला. कमी बोलते. सुपाचा काठ त्याची माय विणते, असं कळलं. मी म्हाताऱ्याले म्हटलं, त्या बाईले सांग, सूप चांगलं आहे. म्हातारा म्हणाला, तूच सांग. सांगितलं. तिले माझी मराठी कळली नाई, मले तिची गोंडी कळली नाई. मग दोघी बसून कोठीतला वाल तिच्याच सुपानं पाखडत राह्यलो. पाखडणं दोघींले येते.

१९ फेब्रुवारी
भुंगे: मोजायले घरी कोण आहे?

अजून कोसमटोल्यातच. शाळेच्या मैदानात ताडपत्र्या पसरल्या, सगळ्या गावच्या बाया आल्या. वाल पातळ पसरायचा, वरून प्लास्टिक, कडेले दगड. दुपारी आत हात घातला तर चटका बसते. मयुरीनं घड्याळ लावून उलथायले लावलं. एका म्हातारीनं गोंडीत काई तरी म्हटलं, सगळ्या हसल्या. रंजीताले विचारलं तर म्हणाली, "आमची सून बोलण्यात कोणावर गेली ते आज कळलं, म्हणते." मी म्हटलं, तिले सांग, अजून पुरतं कुठी ऐकलं तिनं.

नातीचं नाव मनकू. आता लिहिलं.

१३ मार्च, होळी
भुंगे: १

घरचा वाल झोडला, तापवला, राख लावून ढोलीत भरला. भुंग्यानं खाल्लेल्या शेंगांचे तीन पोते होळीत टाकले. फटफट वाजत होत्या. पार्वती म्हणाली, "यंदाची होळी जोरदार पेटली." म्हटलं, माझ्या नाकाचा धूर आहे, लांब उभी राह्य.

मयुरीच्या सरनं ठिपका ठेवला. आता त्यांचे लोक दुसऱ्या तालुक्यात पण आधी बायाले विचारून राह्यले, पोरी कुठी दिल्या. मयुरी म्हणते, वारा अन् ऊन नंतर. तिनं विचारलं, "आजी, नकाशाखाली तुमचं नाव टाकू का?" मी म्हटलं, भुंगा पण माझाच अन् नाव पण माझंच, लोकं मारतील मले. तरी टाकलं असेल. ऐकत नाई ती.

कोसमटोल्याच्या बारा गावाले बी गेलं. तापवलेलं. दोन गावात मयुरीनं कागद बांधून पाह्यले, निघालं काई नाई. बाकीचं येत्या हिवाळ्यात कळेल.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
भुंगे: ०

फक्त टिपक्याचा वाल. कालवला नाई. यंदा शेंगा चांगल्या लागल्या होत्या, पण तापवून, निवडून, राखेतून काढून तीन जागी वाटला तर प्रत्येकीची पाऊण पायलीच भरली. मी म्हटलं, पाऊणच आहे, घ्यायची तर घ्या. सिंधू म्हणाली, "घेतो वो." दीपालीनं पिशवी पुढं केली. तिसरी म्हणाली, "मले कोठीसाठी थोडा जास्त लागेल." आली तशी मागायले लागली.

म्हाताऱ्यानं ओसरीवर बसून तिन्ही गाठी मारल्या. चष्मा लावला होता. मनकूनं लावायले लावला. तिसरी गाठ मारायले थोडा जास्त वेळ लागला, धागा जाडा होता म्हणे. नाटक यंदा कुठी लागलं, असं मी विचारलं. म्हणाला, आता गोष्ट माहीत झाली, पाहून काय करू.

सगळे झोपल्यावर नाई, दिवसाढवळ्याच, सगळ्यासमोर ही वही काढली. पहिलं पान उघडलं. मयुरीनं चिकटवलेला तक्ता तसाच आहे. मुली: २. पेन घेतला अन् दोनावर तीन गिरवला. थोडी खाडाखोड झाली. वाचता येते.